‘गाव’ या रकान्याची रुंदी

बिलबुक ही वस्तू आता नव्या मुलांना हातात देऊन दाखवावी लागते. पन्नास पावत्यांचा गठ्ठा, प्रत्येक पावतीमागे गुलाबी किंवा पिवळी दुसरी प्रत, डाव्या अंगाला फाडायची टिंबांची रेघ, उजव्या कोपऱ्यात लाल शाईचा नंबर आणि खाली जाड पुठ्ठा. सांगलीच्या गणपती पेठेमागच्या बोळातला आमचा छापखाना या वस्तूवर जगला. लग्नपत्रिका होत्या, नाटकांची हँडबिलं होती, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल होते. पण ती सगळी हंगामी कामं. बारा महिने चूल पेटती ठेवली ती दुकानदारांच्या बिलबुकांनी आणि मार्केट यार्डातल्या अडत्यांच्या पट्टीबुकांनी.

१९९४ साली बी.कॉम. होऊन मी अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, हाताखाली आले. तेव्हा छापखान्यात एक ट्रेडल, एक कटिंग मशीन आणि खिळ्यांच्या केसेस एवढाच पसारा होता. आज ऑफसेट आहे, डिजिटल मशीन आहे, सात कुटुंबांचा पगार महिन्याच्या महिन्याला निघतो. हे कसं झालं असं कुणी विचारलं, की लोकांना यंत्रांच्या आणि कर्जांच्या गोष्टी ऐकायच्या असतात. कर्जं काढली, फेडली, त्यात सांगण्यासारखं फार नाही. सांगायचंय ते तीन माणसांविषयी, ज्यांनी मला गिऱ्हाईक म्हणजे काय ते शिकवलं. त्यातला एक आमचा जुळारी, एक आमच्याकडे बाइंडिंग करणारी बाई आणि एक खुद्द गिऱ्हाईकच.

जुळाऱ्यांना सगळे मामा म्हणत. देवनागरीचे खिळे जुळवणं हे इंग्रजीपेक्षा कितीतरी किचकट काम. जोडाक्षरं वेगळी, मात्रा-वेलांट्या वेगळ्या, त्यामुळे केसमधे घरांची संख्या भलतीच वाढते आणि कुठल्या घरात काय आहे हे बोटांना पाठ असावं लागतं. मामांची बोटं न बघता चालायची. उलटा मजकूर ते सुलट्यासारखा वाचत. पण माझ्यावर त्यांचं जे ऋण आहे ते या कसबाचं नाही. मामा प्रूफ वाचताना मजकूर एकदा वाचत आणि आकडे तीनदा. आकडा कधी ‘बावीस हजार पाचशे’ असा वाचायचा नाही, ‘दोन, दोन, पाच, शून्य, शून्य’ असा सुटा सुटा वाचायचा. आणि बिलावर फोन नंबर असला, तर फर्मा मशीनवर चढायच्या आधी समोरच्या एस.टी.डी. बूथवर जाऊन तो नंबर फिरवायचा. पलीकडून त्या दुकानातलं कुणी बोललं, तरच छपाई सुरू.

त्या कॉलचे पैसे मामा पुष्कळदा स्वतःच्या खिशातून घालत. अण्णा म्हणायचे, “अहो, गिऱ्हाईकानं प्रूफवर सही केलीय की.” त्यावर मामांचं उत्तर ठरलेलं: “सही त्यानं घाईत केलीया मालक. फोन लागला न्हाई तर गिऱ्हाईक त्याचं जाईल, आपलं न्हवं. म्हणून तर बघायचं.”

मला वाटतं, छोट्या धंद्यातल्या सेवेची याहून नेमकी व्याख्या मी पुढे कुठल्याच शिबिरात ऐकली नाही. सही मिळाली की छापणाऱ्याची जबाबदारी संपते, हा कागदोपत्री हिशेब. मामांची जबाबदारी तो फोन वाजेपर्यंत चालू असायची. एस.टी.डी. बूथ गेले, मामाही गेले. पण आमच्याकडे आजही दुकानाच्या पाटीवर किंवा बिलावर पैसे भरायचा क्यूआर कोड छापायचा असेल, तर आधी प्रूफवरून एक रुपया पाठवून बघतात आणि रुपया योग्य माणसाच्या नावावर गेला की मगच काम पुढे सरकतं. ही सवय लावून घेणाऱ्या मुलांनी मामांना पाहिलेलंही नाही.

दुसरं ऋण शेठांचं. त्यांचं नाव लिहिलेलं त्यांना रुचणार नाही, म्हणून नुसतं शेठ. हळदीची अडत. सांगलीची हळदपेठ म्हणजे लहानसहान बाजार नव्हे. राजापुरी हळद इथली, आणि २०१८ साली ‘सांगली हळद’ला भौगोलिक मानांकनही मिळालं. पूर्वी हरिपूरच्या पेवांत, जमिनीखालच्या कोरड्या खोल खड्ड्यांत, हळद वर्षानुवर्षं साठवून ठेवत. सांगली-सातारा भागातून आणि सीमेपलीकडून कर्नाटकातून माल येतो, सौदे होतात आणि विक्री झाली की अडत्या शेतकऱ्याला हिशेबपट्टी देतो. शेतकऱ्याचं नाव, गाव, वाण, पोती, वजन, दर, रक्कम. त्यातून हमाली, तोलाई वजा. खाली हातात पडणारी रक्कम. वर्षभर राबलेल्या माणसाला त्याच्या कष्टाचा जो एकमेव कागद मिळतो, तो हा.

पट्टीची एक चौकट ठरून गेलेली होती. सगळेच छापखाने तीच वापरत. अण्णांची तब्येत बिघडल्यावर पहिल्यांदा मी एकटी यार्डात गेले, तेव्हा शेठांनी जुनं पट्टीबुक माझ्यापुढे सरकवलं, पेन दिलं आणि म्हणाले, “लिही पोरी. गाव, कवठेमहांकाळ.”

मी लिहायला गेले. ‘महां’पर्यंतच रकाना संपला. उरलेली अक्षरं वाणाच्या रकान्यात शिरली.

“आमचा दिवाणजी हंगामात दिवसभर हेच करतोय. क.म. लिहितो, कव. लिहितो, कायबी लिहितो. मग शेतकरी वर्षानं पट्टी घेऊन येतो, आणि ही कोणत्या गावची ते आम्हालाच कळत न्हाई.” मग त्यांनी वजावटीच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे नुसतं ‘खर्च’ असं छापलेलं होतं. “ह्ये एक. हमाली वेगळी पायजे, तोलाई वेगळी पायजे. एकत्र खर्च लिहिला की शेतकरी घरी जाऊन तोच आकडा बघत बसतो. सगळं फोडून लिहिलं की त्याला झोप लागती, अन् पुढच्या साली तो गाडी माझ्याच दारात लावतो.”

पुढचं वाक्य मी कधी विसरले नाही. “तुला वाटतंय तुझं गिऱ्हाईक मी. मी पैसे देणारा. पट्टी वाचणार शेतकरी. त्याच्यासाठी छाप.”

त्या संध्याकाळी मी आणि मामांनी नवी चौकट आखली. गावाचा रकाना रुंद, पोत्यांचा अरुंद, कारण पोती शंभरात असतात, लाखात नव्हे. हमाली-तोलाईला स्वतंत्र ओळी. हातात पडणारी रक्कम ठळक आणि अक्षरी रकमेला पूर्ण ओळ. पुढे कॉम्प्युटर घेतला, श्रीलिपी या सॉफ्टवेअरवर काम सुरू झालं, तेव्हा शेठांनी बेळगाव जिल्ह्याकडच्या शेतकऱ्यांसाठी कानडी मथळ्यांची पट्टी मागितली. कानडी मजकूर त्यांच्याच पेढीवरच्या एका हमालाच्या शिकलेल्या मुलाने तपासून दिला. ही पट्टी यार्डात फिरली आणि दुसरे अडते विचारत आले. जाहिरातीवर आम्ही एक पैसा घातला नव्हता. शेतकऱ्यांनीच दुसऱ्या अडत्यांना विचारायला सुरुवात केली होती की, तुमची पट्टी अशी का नाही.

शेठांनी दुसरी गोष्ट शिकवली ती दराची. काम वाढावं म्हणून मी एकदा त्यांना फार कमी दर सांगितला. त्यांनी कागदाच्या पाठीवर हिशेब मांडायला लावला: कागद किती रिमा, शाई, मास्टर, मजुरी, वीज, वाया जाणारे कागद. बेरीज झाली. मग विचारलं, “ह्यात तुझा पगार कुठाय? मशीन झिजतं ते कुठाय?” ते दोन्ही आकडे त्यांनी स्वतः धरायला लावले, तेव्हा दर माझ्या आकड्यापेक्षा वर गेला आणि शेठांनी त्याच वरच्या दराला काम दिलं. “तू बंद पडलीस तर माझी पट्टी कोण छापणार? स्वस्त देऊन तू माझं भलं करत न्हाईस.” आपल्याकडून जास्त पैसे घे असं सांगणारं गिऱ्हाईक किती जणांच्या नशिबी येतं? माझ्या नशिबी आलं, आणि आमचा छापखाना तोट्यातल्या कामांत बुडाला नाही याचं मुख्य कारण ते एक दुपारचं बोलणं आहे.

तिसरी आक्का. बाइंडिंगच्या टेबलाशी त्या बसत. एखादं पान मिसिंग आहे का बघणं, नंबर सलग आहेत का बघणं, तारा मारणं, पुठ्ठा डकवणं, पट्टी लावणं. पोचवायला माणूस नसला तर पिशवी घेऊन त्याच निघत. शाळा चौथीपर्यंतची. पण दुकानात माल देऊन लगेच परतायच्या नाहीत. गिऱ्हाईक पावती कशी फाडतं, कुठे धरून लिहितं, हे उभ्या राहून बघायच्या. मग येऊन सांगायच्या: तेलाच्या दुकानात कागद तेल पितोय, तिथं जाड द्या. अमक्या दुकानातले मालक डावरे आहेत, फाडायची रेघ उजवीकडं घ्या. ट्रान्सपोर्टवाला गाडीच्या बॉनेटवर लिहितोय, खालचा पुठ्ठा दुप्पट करा. या गोष्टी कुठलंही गिऱ्हाईक आपण होऊन सांगत नाही. त्याला त्रास होतो एवढंच कळतं, कशाने ते कळत नाही. पुढच्या बुकात तो त्रास नसला, की त्याला नुसतं बरं वाटतं, आणि तो दुसऱ्या छापखान्यात जात नाही.

आक्कांच्या या बातम्या वाया जाऊ नयेत म्हणून मी नमुनावही घातली. प्रत्येक कामाची एक प्रत चिकटवायची. शेजारी कागदाचा प्रकार आणि जीएसएम, डेमी आकाराच्या कागदातून किती भाग काढले, शेवटचा नंबर, दिल्याची तारीख, आणि खाली आक्कांनी सांगितलेलं. या वहीतून मला एक नवीन गोष्ट कळली. मागच्या दोन तारखा बघितल्या की पुढचं बुक कधी संपणार याचा अंदाज येतो. अण्णांच्या काळात वह्या-पावत्यांची गर्दी दिवाळीच्या आधी उसळायची. १९८९ पासून आयकरासाठी सगळ्यांचं वर्ष ३१ मार्चला संपायला लागलं आणि गर्दी मार्चमधे गेली. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाला उद्याच माल हवा, आणि घाईत नंबर चुकतात. आम्ही फेब्रुवारीतच फोन करू लागलो: “तुमचं शेवटचं बुक चालू असेल, करून ठेवू का?” लोक चकित व्हायचे. हळदीवाल्यांना त्याआधी, डिसेंबरात, कारण नव्या हळदीची आवक सुरू झाली की त्यांना मान वर करायला फुरसत नसते. फोन केल्याने कामं वाढलीच, पण त्याहून मोठं म्हणजे ती वर्षभरात पसरली. रात्रपाळ्या कमी झाल्या. धंदा वाढणं म्हणजे नेहमी नवं गिऱ्हाईक मिळणं नव्हे, हे मला आक्कांच्या बातम्यांनी आणि त्या वहीने दाखवलं.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्याआधीचा जून महिना आठवला की अजून कानात मशीनचा आवाज येतो. सगळी जुनी बिलबुकं एका रात्रीत निरुपयोगी होणार होती. पंधरा आकडी-अक्षरी क्रमांक, केंद्राचा आणि राज्याचा कर वेगळ्या रकान्यांत, मालाच्या वर्गीकरणाचा एचएसएन कोड, मालासाठी तीन प्रती: एक घेणाऱ्याची, एक वाहतूकदाराची, एक देणाऱ्याची. छापखान्यांपुढे रांगा लागल्या. माणसं घाबरलेली होती आणि घाबरलेला माणूस भरमसाट छापून घेतो. वर्षाची, दोन वर्षांची बुकं एकदम मागत होते. त्या महिन्यात हो म्हणत गेले असते, तर मोठा पैसा झाला असता.

एका कर सल्लागारांकडे बसून मी नियम नीट समजून घेतले आणि गिऱ्हाईकांना सांगायला लागले: दोन-तीन महिने पुरतील एवढीच बुकं घ्या, आणि कराचा दर छापू नका, रकाना मोकळा ठेवा. दर बदलतील, नियम बदलतील. तसंच झालं. नोव्हेंबर २०१७ मध्ये पावणेदोनशेच्या आसपास वस्तूंवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. ज्यांनी दुसरीकडे दर छापलेली वर्षाची बुकं करून घेतली होती, त्यांच्या दुकानात ती गठ्ठ्यांनी पडून राहिली. आमच्याकडच्यांनी पेनाने १८ लिहिलं आणि कामाला लागले. पुढे २०२१ मध्ये एचएसएनचे आकडे किती लिहायचे तेही बदललं. हा शहाणपणा माझा नव्हे. छापलेल्या कागदाचं पुढे काय होणार हे बघायची सवय मामांची. पैसे देणाऱ्याचं भलं कशात आहे हे तपासायची सवय शेठांची. जूनमध्ये जे काम सोडलं, ते पुढच्या दोन वर्षांत नव्या गिऱ्हाइकांच्या रूपाने आलं.

ऑगस्ट २०१९. सांगलीत राहणाऱ्याला याहून जास्त सांगावं लागत नाही. २००५ च्या महापुराची खूण पेठेतल्या भिंतींवर होती आणि प्रत्येकाने माल त्या खुणेच्या वर ठेवला होता. कृष्णेचं पाणी ती खूण ओलांडून वर गेलं. पाणी ओसरल्यावर शटर वर केलं, तेव्हा रिमा फुगून फुटलेल्या होत्या, ट्रेडल आणि ऑफसेट चिखलात, मामांच्या केसेसमधल्या घराघरांत गाळ. माळ्यावर ठेवलेल्या नमुनावह्यांचा लगदा झाला होता.

शेठांचं स्वतःचं गोदाम पाण्यात गेलं होतं. तरी तिसऱ्या दिवशी त्यांनी यार्डातले चार हमाल फावडी-घमेली देऊन पाठवले. मागून स्वतः आले. चिखलात उभं राहून त्यांनी पुढच्या हंगामाच्या पट्टीबुकांचे सगळे पैसे आगाऊ माझ्या हातात ठेवले. पावती मागितली नाही; द्यायला कोरडा कागदही नव्हता. मग एकेक गिऱ्हाईक यायला लागलं. कुणी आपलं जुनं बिलबुक घेऊन, कुणी फक्त शेवटच्या पावतीची मागची प्रत घेऊन, कारण नंबर कुठून पुढे घ्यायचा ते त्यांच्याकडेच होतं. ज्यांची दुकानंही बुडाली होती, त्यांनी कर सल्लागाराकडच्या प्रतींवरून झेरॉक्स आणल्या. मिरजेच्या, तासगावच्या गिऱ्हाईकांनी पोस्टाने पाठवल्या. आक्का रोज सकाळी दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि आलेला प्रत्येक कागद नव्या वहीत चिकटवायच्या. दुकानदार डावरा आहे की तेलाचा आहे, ते त्यांना पाठ होतंच. दिवाळीपर्यंत वही पुन्हा उभी राहिली. पहिली मी त्यांच्यासाठी केली होती, दुसरी त्यांनी माझ्यासाठी केली. ऑफसेट दुरुस्त झालं. ट्रेडलही झालं, नंबर मारायला आणि रेघ पाडायला ते अजून लागतं.

बिलबुकांचं काम आता ओसरत चाललंय. बिलं कॉम्प्युटरवर निघतात, मोबाइलवर जातात. आम्ही लेबलांकडे वळलो. हळदपूड, मसाले, बेदाणे विकणारे महिला बचत गट येतात. त्यांना सुंदर लेबल हवं असतं. फुलं, देवीचा फोटो, सोनेरी अक्षरं. आम्ही आधी विचारतो: अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक आला का? निव्वळ वजन, किंमत, घटक, पॅक केल्याची तारीख, बॅच नंबर, तक्रारीसाठी फोन, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, हे सगळं ठरलं का? नसेल तर आधी ते करून या. कुठे जायचं तेही सांगतो. लेबल छापून दिलं आणि दुकानदाराने ते परत पाठवलं, तर त्या बायकांचे दोन महिन्यांचे कष्ट मातीत जातात. लेबलवरचा फोन लागतो का, तेही बघतो.

आक्का आता कामाला येत नाहीत, गुडघे दुखतात. आठवड्यातून एकदा येऊन नवीन मुलीच्या शेजारी बसतात. शेठांची पेढी मुलगा सांभाळतो. पट्टी मात्र अजून छापलेलीच देतात, आणि ‘गाव’ हा रकाना तेवढाच रुंद आहे.

शेठांची एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली. इतक्या वर्षांत त्यांनी आमचं बिल दुसऱ्या दिवसावर कधी टाकलं नाही. माल पोचला त्या संध्याकाळी दिवाणजी पैसे घेऊन हजर. लहान उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा २००६ पासून आहे, पण लहान माणूस त्याचा आधार घेत नाही, कारण तक्रार केली की गिऱ्हाईक जातं. मोठ्या संस्थांकडे आमची बिलं सहा-सहा महिने अडकली, तेव्हा शेठांच्या त्या रोख पैशांतून कागद आला आणि पगार झाले. म्हणून हे वाचणाऱ्यांना एक विनंती करते. तुमच्याकडे एखाद्या छापखानेवाल्याचं, शिंप्याचं, सुताराचं, डबेवालीचं बिल थकलं असेल, तर ते या आठवड्यात देऊन टाका.